खाद्य अ, खाद्य ब आणि माझं नाक

२ फेब्रुवारी

पिल्लं आली. सहाशे. तीनशे जाळीच्या अलीकडे, तीनशे पलीकडे. कन्येने दोनदा मोजली. मी एकदा मोजली, पाचशे अठ्ठ्याण्णव भरली. तिचंच धरलं.

आजपासून ही वही. खाद्य कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेली, इतकी वर्षं कोरी. कागद वाया घालवायचा नाही, दोन्ही बाजूंनी लिहायचं. आणि ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा निदान इथे तरी खरं लिहायचं. संकल्प.

कन्येच्या दोन वर्षांच्या अभ्यासातला शेवटचा प्रयोग आमच्या शेडवर होतो आहे. ब्रॉयलरच्या खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घालायची जी जुनी सवय आहे, त्याऐवजी ओवा, दालचिनी, लवंग यांच्या अर्काचे दाणे घातले तर भागेल का, एवढाच प्रश्न. एका बाजूला औषधाचं खाद्य, दुसऱ्या बाजूला अर्काचं. पोत्यांवर फक्त अ आणि ब. कुठलं कुठलं, ते मला सांगायचं नाही. मामांनाही नाही. (मामा शेडवर कामाला आहेत. नात्याने कोणाचेच मामा नाहीत.) खुलासा एका बंद पाकिटात, आणि पाकीट हिच्या, म्हणजे कन्येच्या आईच्या, कपाटात चादरींखाली.

मला का सांगायचं नाही, असं विचारलं. कन्या म्हणाली, बाबा, माहीत असलं की हात आपोआप एका बाजूला झुकतो. हा हात एकोणीस वर्षं कारखान्याच्या मिक्सरवर होता. कधी झुकला नाही.

तिच्या सरांनी म्हणे बजावलंय की घरच्या शेडवर घरचेच निकाल येतात. कॉलेजची शेड दुरुस्तीला काढली म्हणून नाइलाजाने परवानगी दिली. तिने सरांना शब्द दिलाय, बाबा कशालाही हात लावणार नाहीत. हा प्रयोग फसला तर सर विषय बंद करणार. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

जाताना मलाही तेच सांगून गेली. फक्त खाद्य, पाणी आणि मेलेला पक्षी कार्डावर लिहायचा. बाकी काही करायचं नाही, बाबा. काही म्हणजे काहीच नाही.

३ फेब्रुवारी, सकाळ

अ चं पोतं उघडलं. ओवा.

ब चं उघडलं. मक्याच्या भरड्याचा वास, मागून कसलातरी पुसट. परत अ हुंगलं. ओवा आणि लवंग, डोळ्यांत पाणी येईल इतकी.

झालं. कसलं गुपित आणि कसलं पाकीट. अ मध्ये अर्क, ब मध्ये औषध. कारखान्यात सगळा माल आधी माझ्या नाकाखालून जायचा. मॅनेजर म्हणायचा, मशीन बिघडलं तर दुरुस्त करू, या माणसाला सर्दी होता कामा नये.

कन्येची गंमत वाटली. एवढी शिकली आणि बापाचं नाक विसरली. सांगणार नाही. पाकिटालाही हात लावणार नाही. लबाडी आपल्या रक्तात नाही.

६ फेब्रुवारी

हिचा पाय दुखतोय. डाव्या पायाची दोन बोटं तीन वर्षांपूर्वी काढावी लागली, तेव्हापासून गारठा वाढला की ठणकतो. खोरं लागून साधी जखम झाली होती शेडमध्ये. एक औषध लागू पडेना, दुसरं पडेना, तिसरंही नाही. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरी कोंबड्या, गुरं आहेत का, त्यांना औषधं देता का. ही आत होती, कन्या औषधं आणायला गेलेली. मी म्हणालो, नाही, आमचं भुसाराचं दुकान आहे.

उगाच विषय कशाला वाढवा, म्हणून. दोन्हींचा संबंध आहे असं कोणी सिद्ध केलंय का. त्या आठवड्यात मी पाण्यात औषध जरा जास्त टाकलं होतं हे खरं, पण ते पक्ष्यांच्या पाण्यात. कन्येने हा विषय त्यानंतरच घेतला. का घेतला, ते ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तर सांगायचं हे की हा प्रयोग यशस्वी व्हायलाच पाहिजे. अ जिंकायलाच पाहिजे. हिच्यासाठी, कन्येसाठी. माझं काय, मी बाजूला.

९ फेब्रुवारी, दुपारी दीड

मामा जेवायला गेलेले. अ मध्ये एक पिल्लू कोपऱ्यात, मान टाकून. बाकीची त्याला टोचत होती. बघवेना. उचलून ब मध्ये ठेवलं. हवापालट. आता ब मध्ये तीनशे एक झाली आणि अ मध्ये दोनशे नव्याण्णव, म्हणजे कन्येचा हिशेब चुकणार. म्हणून ब मधलं एक उड्या मारणारं उचलून अ मध्ये ठेवलं. पक्षी एक.

याला हात लावणं म्हणत नाहीत. याला भूतदया म्हणतात.

१२ फेब्रुवारी

तीन. तिन्ही अशक्त. आनुवंशिक असणार, अर्काशी संबंध नाही. ज्याचा अर्काशी संबंध नाही तो अर्काच्या बाजूला ठेवून काय करायचं. बदल्यात ब मधून तीन आणले, डोळ्यांना बरे दिसले ते.

मामा म्हणाले, मालक, ब मधला हा लंगडा काल अ मध्ये होता ना. त्यांना म्हटलं, मामा, वय झालं, डोळे तपासून घ्या. ते डोळे बारीक करून लंगड्याकडे बघत बसले.

१४ फेब्रुवारी

माळ्यावर पत्रा सापडला. त्यावर निळ्या रंगाने बोर्ड रंगवायला घेतला. औषधमुक्त कोंबडी, आणि खाली बारीक अक्षरात प्रयोग यशस्वी. निकाल लागला की दारावर लावायचा. हिने विचारलं, प्रयोग संपला का. म्हटलं, तयारीत राहावं. ही म्हणाली, नाकाने कांदे सोलू नका. हिला नाकाबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. योगायोग.

१७ फेब्रुवारी

थोडे बदलले.

एरवी मोजून ठेवतो, आज घाई होती. मामा लवकर परत आले.

१९ फेब्रुवारी

कन्येचा फोन. सगळं ठीक ना, बाबा. म्हटलं, अगदी तुझ्या कागदावर लिहिल्याप्रमाणे. तिने विचारलं, पोती उघडताना काही वेगळं जाणवलं का. म्हटलं, नाही बुवा, दोन्ही सारखी. ती खूश झाल्यासारखी वाटली. म्हणाली, छान. अर्काच्या दाण्यांवर लेप आहे, म्हणजे अर्क थेट आतड्यात जाऊन सुटतो, आधी बाहेर येत नाही.

ऐकून घेतलं. पुस्तकातलं असतं ते.

२२ फेब्रुवारी, दुपार

उद्या कन्या वजनं घ्यायला येणार. अ आणि ब मध्ये फारसा फरक दिसेना. असं कसं. अर्क आतून काम करतो, बाहेर दिसायला वेळ लागतो. तोवर थोडा आधार द्यावा. बारा पक्षी. ही मागच्या दारात स्टुलावर बसली होती, तिचा पाय उन्हात. माझ्याकडे बघत होती की नुसती समोर, कळलं नाही. मी ओरडून म्हणालो, पक्ष्यांखालचं तूस हलवतोय. ती म्हणाली, हलवा.

२३ फेब्रुवारी

अ पुढे. पक्ष्यामागे अठ्ठेचाळीस ग्रॅम. कन्या काटा दोनदा तपासत होती. चेहऱ्यावर काही नाही. तिला अ काय ते माहीत, मला माहीत आहे हे तिला माहीत नाही. मनातल्या मनात हसू आवरेना. जेवताना म्हटलं, काय, समाधान आहे ना. ती म्हणाली, अजून तीन आठवडे आहेत. बापाचाच संयम.

ती गेल्यावर ऋणनिर्देशाचा मसुदा करून पाहिला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिने असं लिहावं: माझ्या वडिलांच्या अनुभवाशिवाय हे काम अशक्य होतं. सर दुसऱ्या ओळीत.

२ मार्च

ऊन वाढलं. पक्षी धापा टाकतात. दोन्ही बाजू सारख्याच धापा टाकतात, हे काही बरोबर नाही. अर्काच्या बाजूने कमी टाकायला हव्यात.

अर्काला जरा घरची भर घालावी असं ठरवलं. लसूण ठेचला, मिरी, दालचिनी, दोन पातेली काढा. अ च्या टाकीत ओतला. हिने विचारलं, एवढा लसूण कुठे गेला. म्हटलं, खराब निघाला. कन्येच्या दाण्यात मूळ तेच आहे, मी फक्त प्रमाण वाढवलं. कारखान्यातही प्रमाण वाढवायचं असलं की मॅनेजर मलाच हाक मारायचा.

३ मार्च

अ पाणी पित नाही.

४ मार्च

पाण्याच्या भांड्यांभोवती गर्दी, चोच बुडवतात, मान झटकतात, परत जातात. मामांनी भांडं हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, मालक, भाजी टाकली का पाण्यात. टाकी धुवायला सांगितली. मामांनी ती तीनदा धुतली. अजून वास येतो.

दोन दिवस पाणी नाही म्हणजे दोन दिवस खाणं नाही. अ सरळ सरळ मागे पडलाय. यात अर्काचा दोष नाही. माझाही नाही. ऊन.

५ मार्च

दहा.

हे आता नुकसानभरपाईत धरायचं. काढ्यामुळे अ वर अन्याय झाला, तो दूर करणं माझं कर्तव्य. ब ने काही सोसलेलंच नाही.

९ मार्च, दुपारी दोन

चौदा. आता पक्षी जड झालेत, एका वेळी दोनच धरता येतात, पंख मारतात. मनगटावर ओरखडे. हिने हळद लावून दिली. कशाने झालं विचारलं नाही. हिचं हे न विचारणं अलीकडे फार वाढलंय. पूर्वी साधी भांडायची.

ब मध्ये मरतूक वाढली. रोज एक, कधी दोन. मी निवडून निवडून तिकडे पाठवलेले. कार्डावर प्रामाणिकपणे लिहितो. तारीख, संख्या, कारण अज्ञात.

१५ मार्च

उद्या शेवटचं वजन. आज बावीस. कंबर गेली.

शेवटी तोच लंगडा नेताना तो माझ्या हातात अगदी स्वस्थ बसला. सहा आठवड्यांत दोन वेळा इकडून तिकडे झालेला, त्याला सवय झाली असावी. (एकदा चुकून परत अ मध्ये आणला होता. तो मोजला नाही.) त्याला ब मध्ये सोडला आणि मनात म्हटलं, मोठ्या कामासाठी कोणाला तरी सोसावं लागतं. मग वाटलं, हे कोणाकडून ऐकलंय. कारखान्यात मॅनेजर म्हणायचा, आमचा पगार अडकला की.

१६ मार्च, संध्याकाळ

एकेक पक्षी काट्यावर. अ सरासरी दोन किलो चारशे तीस. ब दोन किलो एकशे नव्वद. मरतूक अ मध्ये चार, ब मध्ये एकोणीस.

कन्या आकड्यांकडे बघत राहिली. म्हणाली, एवढा फरक कुठल्याच शेडवर आला नव्हता. मामांना विचारलं, मध्ये काही वेगळं घडलं का. मामा चप्पल शोधायला गेले. मला विचारलं. मी तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हणालो. आवाज छान लागला.

पाकीट उद्या, सर फोनवर असताना उघडायचं. मी दाढी करून ठेवली. बोर्डाला दुसरा हात दिला.

१७ मार्च

अ मध्ये औषध. ब मध्ये अर्क.

सरांनी फोनवर परत वाचायला लावलं. तिने परत वाचलं. तेच निघालं.

कन्या उठून शेडमध्ये गेली आणि ब च्या रिकाम्या पोत्यावर बसली.  मी दारापर्यंत गेलो होतो. हातात बोर्ड होता, तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

पाकीट तीन फेब्रुवारीलाच उघडून बघितलं असतं तर ही वेळ आली नसती. फार सरळपणा नडतो.

१८ मार्च

सर म्हणाले, हाही निकालच आहे. अर्क चालत नाही हे कळलं, लिहून टाक आणि विषय बंद कर. कन्या टेबलाशी बसून लिहितेय. जेवली, ताट धुतलं, परत बसली. रडली असती तर बरं झालं असतं, माणूस जवळ जाऊन काहीतरी बोलतो. मध्येच आईला म्हणाली, मला खरंच वाटलं होतं गं, की जमेल.

आता सांगून उपयोग नाही. कारणं: एक, पक्षी उद्या उचलून नेणार. दोन, सरांपुढे तिचा शब्द खोटा पडेल. तीन, तिला वाईट वाटेल. तिसरं कारण लिहिल्यावर खोडलं, वाईट तिला वाटतंच आहे.

दुपारी ही आली, भिंतीला धरून उभी राहिली. म्हणाली, मी स्टुलावर बसून सगळं बघितलंय. मला वाटलं, पोरीनेच तुम्हाला काही सांगितलं असेल. आता तुम्ही सांगता की मी सांगू.

१९ मार्च

सांगितलं. शेडच्या मागे, उभ्याउभ्या. काढा वगळून. मग काढ्यासकट.

ती ओरडली नाही. आधी विचारलं, अ च का. म्हटलं, वास. ती म्हणाली, तो वास मीच लावला होता, बाबा. औषधाच्या पोत्यांना आतून अर्काचं फडकं पुसलं होतं, दोन्ही सारखी वाटावीत म्हणून. तुमचं नाक मला माहीत आहे. बहुतेक जास्त पुसलं गेलं.

नाक तिच्या लक्षात होतं. हे ऐकून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मी म्हणालो, म्हणजे अर्क हरला असं काही नाही. ती म्हणाली, जिंकला असंही नाही. आता काहीच नाही. पण निदान तो चालत नाही असं माझ्या नावाने छापून येणार नाही. प्रयोग रद्द म्हणून लिहावा लागेल आणि का रद्द तेही. मग विचारलं, किती पक्षी, कुठल्या तारखेला. मी म्हणालो, तोंडी नाही सांगता येणार. तर कुठे लिहिलंय का, म्हणाली.

नाही म्हणता आलं असतं. हो म्हणालो. का, ते कळत नाही.

वही उद्या सकाळी हवी आहे तिला. सगळी. म्हणाली, तुमचा उल्लेख करावाच लागेल प्रबंधात. त्रुटींच्या प्रकरणात.

२० मार्च, सकाळी साडेसहा

बेरीज केली. एक, तीन, बारा, दहा, चौदा, बावीस. बासष्ट अधिक थोडे. थोडे म्हणजे किती, ते बसून आठवलं. आठवत नाही.

वही देण्याआधी वाचून काढली. हिच्याबद्दल लिहिलंय ते ठीक आहे, तोंडावर याहून वाईट बोललोय. बोर्ड, ऋणनिर्देश, हसतील आणि सोडून देतील. सहा फेब्रुवारीचं पान मात्र राहू शकत नाही. ते कन्येने वाचायचं नाही. हिने तर नाहीच. ते पान फाडायचं ठरवलं. पट्टी लावली, म्हणजे कडा सरळ येईल.

मग पान उलटून पाहिलं. मागे नऊ तारीख आहे. दुपारी दीड. पक्षी एक.

कन्या दारात येऊन उभी आहे. पट्टी कशाला, विचारतेय.